बी.एड. करू का, असं विचारणाऱ्या मुलींना

डिग्रीचा निकाल लागला की बेळगाव जिल्ह्यातल्या आमच्या खानापूर तालुक्यातल्या मुलींचे मला फोन सुरू होतात. “टीचर, बी.एड. करू काय? की बँकेच्या परीक्षा देऊ?” मागून आईचा आवाज येतो, “नोकरी लागते काय ते विचार आधी.” आईचं काही चुकत नाही. दोन वर्षांची फी, बेळगावचं रोजचं जाणं-येणं नाहीतर हॉस्टेलचा खर्च, आणि त्या दोन वर्षांत दारात येऊन परत जाणारी स्थळं, हा सगळा हिशोब तिलाच घालायचा असतो. फोनवर मी थोडं थोडं सांगते आणि महत्त्वाचं राहून जातं. म्हणून यंदा सविस्तर लिहिते.

आमच्याकडे शिक्षणशास्त्र म्हणजे दुसरं काही जमलं नाही तर करायचा अभ्यास. सायन्सला मार्क कमी पडले, बाहेरगावी पाठवायला पैसे नाहीत, लग्न अजून ठरलेलं नाही, मग बी.एड. मला याचं फार वाईट वाटतं. बेळगाव, खानापूर, निपाणी, हुक्केरी, चिकोडी या पट्ट्यात मूल घरात एका वळणाची मराठी बोलतं, पुस्तकात दुसऱ्या वळणाची वाचतं, बसची पाटी आणि रेशन दुकानातला फलक कन्नडमध्ये बघतं, आणि शेजारच्या घरातून उर्दू नाहीतर कोंकणी ऐकतं. या मुलाला विज्ञान कसं शिकवायचं, गणित कसं शिकवायचं, हा सोपा प्रश्न नाही. त्याला आमच्यातली सगळ्यात हुशार मुलं-मुली लागतात. उरलेला वेळ काढायला आलेली माणसं नकोत.

माझे वडील खानापुरात कौलांच्या कारखान्यात होते. मी गावातल्या सरकारी मराठी शाळेत शिकले, पुढं खानापुरात बी.ए. केलं, आणि बी.एड.ला बेळगावला गेले. राणी चन्नम्मा विद्यापीठाची पदवी. बाहेरच्यांसाठी सांगते, हे विद्यापीठ २०१० साली झालं, त्याआधी आमच्या भागातली कॉलेजं धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाला जोडलेली होती. सकाळची बस नाहीतर लोंढ्याकडून येणारी पॅसेंजर धरायची आणि अंधार पडता पडता घर गाठायचं. बी.एड. पूर्वी एका वर्षात उरकायचं. २०१४ च्या नियमावलीनंतर, म्हणजे २०१५ पासून, ते दोन वर्षांचं झालं. पुष्कळ जण यावर कुरकुरतात. मला मात्र ही दोन वर्षं कमीच पडली, म्हणून नोकरी करता करता इग्नूमधून एम.ए. एज्युकेशनही केलं.

पहिल्या सेमिस्टरला सूक्ष्म अध्यापन असतं. सहा मिनिटं शिकवायचं, सहा मिनिटं बाकीच्यांनी आणि सरांनी काय बरं-वाईट वाटलं ते सांगायचं, बारा मिनिटांत टाचण नव्यानं लिहायचं, परत सहा मिनिटं शिकवायचं, परत सहा मिनिटं ऐकायचं. एका कौशल्याची एक फेरी ३६ मिनिटांची. प्रश्न कौशल्य, फलकलेखन, चेतक बदल, प्रबलन अशी नावं पाठ करताना मुलींना कंटाळा येतो आणि त्या ते कसंतरी उरकतात. तसं करू नका. मला इथंच एक गोष्ट कळली आणि ती आजही रोज उपयोगी पडते. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधक बाईंनी वर्गावर्गांत बसून मोजलं होतं, शिक्षक प्रश्न विचारल्यावर किती वेळ थांबतात? साधारण एक सेकंद. तेवढ्यात उत्तर आलं नाही की दुसऱ्या मुलाकडे वळतात किंवा स्वतःच उत्तर सांगून टाकतात. हाच वेळ तीन सेकंदांवर नेला की उत्तरं लांब येतात, एरवी गप्प बसणारी मुलं बोलायला लागतात.

आता हे आमच्या वर्गात आणून बघा. मागच्या बाकावर जंगलातल्या वाडीवरून आलेला मुलगा बसलाय. त्याला उत्तर येतंय, पण ते त्याच्या घरच्या बोलीत येतंय. ते पुस्तकी मराठीत फिरवून बोलायला त्याला तीन-चार सेकंद हवेतच. आपण एका सेकंदात पुढं गेलो तर तो वर्षभर “काही येत नाही” या रकान्यात जाऊन बसतो. प्रश्न विचारून गप्प उभं राहणं फार अवघड असतं. मनात आकडे मोजत उभी राहायला मी शिकले ते त्या सूक्ष्म पाठांत.

दुसरा पेपर ज्यानं मला हलवलं तो ‘अभ्यासक्रमात सर्वत्र भाषा’ या विषयाचा. नाव ऐकून वाटतं की भाषेच्या शिक्षकांचा असेल. तसं नाही. गणिताच्या, विज्ञानाच्या, समाजशास्त्राच्या शिक्षकालाही आपला विषय मुलापर्यंत कोणत्या भाषेतून पोचतोय हे बघावं लागतं, असा तो पेपर आहे. सीमाभागातल्या विद्यार्थ्यानं हा पेपर पास होण्यापुरता वाचला तर नुकसान त्याचंच. जिम कमिन्स या कॅनडातल्या अभ्यासकानं दाखवलंय की मुलाला नव्या भाषेत बोलायला-खेळायला एक-दोन वर्षांत जमतं, पण त्याच भाषेतून विषय शिकायला, कारणं द्यायला, व्याख्या समजून घ्यायला पाच ते सात वर्षं लागतात. आमच्याकडे लोक म्हणतात, “पोरगं बाजारात कसं फाडफाड कन्नड बोलतंय, मग शाळेत का अडतंय?” उत्तर इथं आहे. आणि दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची: घरच्या भाषेत जे नीट समजलेलं असतं ते दुसऱ्या भाषेत नेता येतं. बाष्पीभवन एकदा मराठीत डोक्यात बसलं की कन्नडमध्ये फक्त नाव नवं शिकायचं असतं. मराठी पक्की असलेलं मूल कन्नडमध्ये आणि इंग्रजीत मागं पडतं, ही भीती म्हणूनच मला पटत नाही.

घरची भाषा म्हणजे तरी काय? आमची मुलं “मी लिवूलो”, “आई भात करूल्या” असं बोलतात. चंदगडकडेही असंच बोलतात. नवीन शिक्षक लगेच टोकतो, “असं नाही बोलायचं, मी लिहीत आहे म्हण.” मूल दोनदा म्हणतं आणि तिसऱ्या वेळी बोलायचंच सोडून देतं. मी फळ्यावर दोन्ही लिहिते. घरी असं, पुस्तकात असं. पाचवी-सहावीच्या मुलांना हे फार आवडतं. ती स्वतःच आजीची वाक्यं आणून पुस्तकात कशी होतील ते सांगत बसतात. व्याकरणाचा तास याहून चांगला मी घेऊ शकत नाही.

शाळेतल्या कामाचा, म्हणजे इंटर्नशिपचा काळ दुसऱ्या वर्षी येतो. दोन वर्षांत मिळून वीस आठवडे शाळेत काढायचे असतात. मला तालुक्यातलीच एक मराठी माध्यमाची शाळा मिळाली. समाजशास्त्राचा पाठ होता, उद्योगधंदे विशिष्ट ठिकाणीच का उभे राहतात, असा. पुस्तकातलं उदाहरण कर्नाटकातल्या भद्रावतीच्या लोखंड-पोलादाचं. मुलांनी भद्रावती पाहिलेली नाही. मी दोन मिनिटं शिकवलं, त्यांचे चेहरे बघितले आणि विचारलं, “बरं, आपल्या खानापुरातच एवढे कौलांचे कारखाने का? इथंच का कुंभारकामाचं शिक्षण देणारी संस्था?” आणि थांबले. एक मुलगी म्हणाली, माती. कुठली माती? मलप्रभेच्या काठची, चिकट असते, भेगा पडत नाहीत. एक म्हणाला, भट्टीला लाकूड, जंगल जवळ. मागून कोणीतरी, रेल्वे! कच्चा माल, इंधन, वाहतूक. तिन्ही मुद्दे मुलांनीच काढून दिले, ते फळ्यावर मांडायचं तेवढं माझं काम. मग एका मुलानं उठून कौल सावलीत का वाळवतात हे सांगितलं. त्याचे आजोबा साच्यावर होते. उन्हात ठेवलं तर वरचा थर आधी सुकतो आणि कौल वाकतं, हे त्यानं हातानं करून दाखवलं. भद्रावतीकडे आम्ही परत गेलो तेव्हा लोहखनिज आणि पाणी कुठून येत असेल हे मुलंच विचारायला लागली होती.

माझ्या वडिलांनी आयुष्यभर जे काम केलं ते त्या दिवशी पहिल्यांदा धड्यात आलं. घरी जाऊन त्यांना सांगितलं तेव्हा ते मला माती मळण्याचे असे बारकावे सांगत बसले की मी वही काढून लिहून घेतले.

म्हणूनच मी मुलींना सांगते, शिक्षणशास्त्र शिकायचं तर गावाचाही अभ्यास करायला पाहिजे. बी.एड.मध्ये समुदायाचं काम असतं, एखाद्या वस्तीचं सर्वेक्षण करून अहवाल द्यायचा. बरेच जण मागच्या वर्षीचा अहवाल समोर ठेवून लिहून काढतात. मी आमच्याच शेजारच्या गावात घरोघर फिरले. विचारत होते, या घरात शाळेत पहिल्यांदा कोण गेलं? या एका प्रश्नावर बायका तास-तास बोलल्या. वारकरी घरं होती. पन्नाशीच्या पुढच्या कितीतरी बायकांना अभंग तोंडपाठ, पण सही म्हणून अंगठा. मी मोठ्या अक्षरात छापलेला त्यांच्या पाठातला एक अभंग आणला आणि म्हणताना शब्दांवर बोट ठेवायला सांगितलं. ओठांवर येणारा शब्द आणि बोटाखालचा शब्द एकच आहे हे लक्षात आल्यावर एक काकू हसायला लागल्या आणि मग त्यांनी पान सोडलं नाही. ‘ज्ञाताकडून अज्ञाताकडे’ हे अध्यापनाचं सूत्र मी परीक्षेत कितीदा लिहिलं असेल. पण ते काम कसं करतं हे त्या ओसरीवर दिसलं.

शाळा आणि गाव यांच्यामध्ये आमच्याकडे एस.डी.एम.सी., म्हणजे शाळा विकास आणि देखरेख समिती, असते. शिक्षण हक्क कायद्यानं शाळेच्या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत आणि निम्म्या बायका हव्यात असं ठरवलंय. बायका असतात, सही करतात, बोलत नाहीत. इंटर्नशिपमध्ये मी अशा एका सभेला बसले. विषयपत्रिका कन्नडमध्ये आली होती, ती वाचली गेली, माना डोलल्या, सभा संपायला आली. मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन मी तीच पत्रिका मराठीत वाचली आणि एकेका विषयावर थांबले. एक आई म्हणाली, मुलींच्या संडासात पाणी नाही, म्हणून सातवीच्या पोरी दुपारीच घरी येतात. दुसरी म्हणाली, आठवीला बाहेरच्या हायस्कुलात घालायचं तर संध्याकाळची बस वेळेवर नाही. मुलींची गळती का होते यावर आम्ही पानंच्या पानं लिहितो. ती कारणं इथं दहा मिनिटांत मिळाली, आणि डेपोला द्यायचा अर्ज तिथंच लिहिला गेला, कन्नडमध्ये. तो अर्ज मी लिहिला. कन्नड येत होतं म्हणून लिहू शकले.

कन्नडबद्दल मला मोकळेपणानं लिहायचंय, कारण आमच्याकडे हा विषय निघाला की लगेच राजकारणाकडे जातो. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं, तेव्हापासून काय काय झालं ते आमच्या प्रत्येक घरात सांगितलं जातं. ते दुःख खरं आहे आणि मराठी शाळा टिकल्या पाहिजेत यावर माझं मत जराही मऊ नाही. त्याच १९५६ साली सातव्या घटनादुरुस्तीनं संविधानात ३५०क हे कलम आलं. भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय करावी, असं ते सांगतं. शिक्षण हक्क कायद्याच्या २९ व्या कलमातही शक्य तिथवर मातृभाषेतूनच शिकवावं असं लिहिलंय. ही कलमं मी बी.एड.च्या पहिल्या वर्षी वाचली आणि तोवर कोणी का सांगितली नाहीत याचं आश्चर्य वाटलं. आपल्या शाळेसाठी भांडायचं असेल तर ती क्रमांकासकट माहीत पाहिजेत. आणि भांडायचं असेल, अर्ज लिहायचा असेल, मुलांना पुढं पी.यू.सी.त, म्हणजे अकरावी-बारावीत, टिकवायचं असेल, तर कन्नड उत्तम यायला पाहिजे. कामचलाऊ येऊन भागत नाही. मराठी शिक्षकाचं कन्नड जितकं चांगलं, तितकी त्याची मराठी शाळा भक्कम, असं माझं ठाम मत आहे.

याचं मोठं उदाहरण आपल्याच भागातलं आहे. जे. पी. नाईक. जन्म १९०७ चा, आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचा. मराठी माणूस, पण तरुणपणी त्यांनी धारवाडजवळच्या उप्पिनबेटगेरीत, कन्नड गावात, ग्रामसुधारणेचं काम केलं. नंतर गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीत ते होते, आणि १९६४ ते ६६ च्या कोठारी शिक्षण आयोगाचे ते सदस्य-सचिव झाले. शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च व्हावा, आणि गरीब-श्रीमंत सगळ्यांची मुलं आपल्या वस्तीतल्या एकाच शाळेत जावीत, या आयोगाच्या शिफारशी. बी.एड.मध्ये आयोग म्हणजे सालं आणि शिफारशी पाठ करायचा धडा असतो. त्यामागचा एक माणूस आपल्या डोंगराच्या पलीकडचा आहे, आणि देशाच्या शिक्षणाचा विचार करण्याआधी तो एका खेड्यात गटारं, आरोग्य, साक्षरता यात राबला होता, हे कळल्यावर तो धडा मला परीक्षेपुरता राहिला नाही.

तसंच अनुताई वाघ आणि ताराबाई मोडक यांचं. तेव्हाच्या ठाणे, आताच्या पालघर जिल्ह्यातल्या कोसबाडला त्यांनी आदिवासी मुलांसाठी काम केलं. गुरं राखायला जाणारी मुलं शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणात न्यायची, ही कुरणशाळेची कल्पना त्यांची. आमच्या भीमगडच्या जंगलात आमगाव, कृष्णापूर, कोंगळा, पास्तोली, गवाळी अशी गावं आहेत, आणि तालुक्याच्या रानात गवळी-धनगरांचे वाडे. पावसाळ्यात ओढे भरले की वाट बंद. मूल जनावरांमागं असतं. कायदा म्हणतो पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी. पण पावसात भरलेल्या ओढ्याचा एक किलोमीटर कसा मोजायचा? अशा ठिकाणी राहून शिकवणारे शिक्षक आमच्या तालुक्यात होते आणि आहेत. त्यांच्याकडे जाऊन एक-दोन दिवस राहा, असं मी प्रत्येक छात्राध्यापिकेला सांगते. हजेरीपटावर ‘अनियमित’ लिहिलेल्या मुलाला कुठल्या पक्ष्याचं घरटं कुठल्या झाडावर असतं, कुठला पाला कशावर चालतो, हे आपल्यापेक्षा कितीतरी जास्त माहीत असतं. परिसर अभ्यासाचा तास त्याच्यापासून सुरू करता येतो.

आता आईच्या प्रश्नाकडे येते, नोकरी. खरं ते सांगते. पहिली ते पाचवीला शिकवायचं असेल तर बी.एड. चालत नाही, पी.यू.सी.नंतरचं दोन वर्षांचं डी.एल.एड., म्हणजे प्राथमिक शिक्षकाची पदविका, लागतं. सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२३ ला हे स्पष्ट केलंय. लहान मुलांना शिकवणं हे वेगळं शास्त्र आहे, त्यामुळं मला हा निकाल योग्य वाटतो. ज्यांना लहान मुलांची ओढ आहे त्यांनी उगाच डिग्री-बी.एड.च्या मागं न लागता बारावीनंतर थेट तिकडं जावं. सहावी ते आठवीला पदवी आणि बी.एड. किंवा डी.एल.एड., शिवाय टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. हायस्कूलला पदवी आणि बी.एड. पी.यू. कॉलेजला लेक्चरर व्हायचं तर एम.ए. किंवा एम.एस्सी. आणि बी.एड. बारावीतच मन ठरलं असेल तर म्हैसूरच्या प्रादेशिक शिक्षण संस्थेत पदवी आणि बी.एड. एकत्र, चार वर्षांत होतं. ती एन.सी.ई.आर.टी.ची संस्था आहे, प्रवेश परीक्षा द्यावी लागते. आमच्या भागातली मुलं तिचं नावही ऐकत नाहीत, म्हणून मुद्दाम लिहिलं.

भरती दरवर्षी निघत नाही. मधल्या काळात अतिथी शिक्षक म्हणून काम मिळतं, मानधनावर, वर्षाच्या वर्षाला. मीही ते केलं. घर चालण्याइतके पैसे त्यात नाहीत, हे लपवत नाही. ज्या घराला लगेच पगार हवा आहे तिथल्या मुलीनं हे समजूनच यावं. काही जण शिनोळी ओलांडून चंदगड-गडहिंग्लजकडच्या शाळा धरतात, महाराष्ट्राची टीईटी देतात. तोही मार्ग आहे.

पण शाळेतली मास्तरकी एवढंच या अभ्यासातून निघतं असं समजू नका. अंगणवाडी हे शिक्षणाचं काम आहे, आणि तिथं बालविकास शिकलेली बाई असेल तर फरक दिसतो. ग्रामपंचायतींच्या वाचनालयांना आता अरिवु केंद्र म्हणतात. तिथं मुलांना पुस्तकांशी जोडणारं माणूस लागतं, मराठी गावांत मराठी पुस्तकं मागून घेणारं लागतं. दिव्यांग मुलांसाठी विशेष बी.एड. असतं, ते भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेल्या कॉलेजातूनच करायचं, आणि त्या शिक्षकांची आपल्याकडे फार चणचण आहे. संकेश्वर-निपाणीकडे ऊसतोडीच्या हंगामात बीडकडून टोळ्या येतात, त्यांच्याबरोबर मराठी बोलणारी मुलं येतात आणि कितीतरी महिने शाळेबाहेर राहतात. निपाणीच्या विडी कामगार बायकांच्या वस्त्यांत संध्याकाळचे अभ्यासवर्ग लागतात. अशा कामासाठी स्वयंसेवी संस्था माणसं घेतात, आणि ज्यांना यातच पुढं जायचंय त्यांच्यासाठी बेंगळूरच्या अझीम प्रेमजी विद्यापीठात एम.ए. एज्युकेशन आहे, तिथं घरची परिस्थिती बघून फीमध्ये मदत करतात.

इंग्रजी माध्यमाचं काय, हाही प्रश्न येतो. गावात पिवळी व्हॅन येते आणि मराठी शाळेचा पट उतरतो. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं सांगितलं की सरकार मातृभाषेची सक्ती करू शकत नाही, निवड पालकांची. मग पालकांना दोष देत बसण्यात अर्थ नाही. ते मुलाचं भलंच बघतात. आपल्या मराठी शाळेतल्या चौथीच्या मुलाला इंग्रजीचं सोपं पुस्तक वाचता येतंय, कन्नडमध्ये चार वाक्यं बोलता येतात, गणित पक्कं आहे, हे गावाला दिसलं पाहिजे. ज्या शाळेत हे दिसतं तिथं पालक थांबतात, हे मी जवळून बघितलंय. ते काम प्रशिक्षित, विचार करणारा शिक्षकच करू शकतो. सभा-मोर्चे आपल्या जागी असू देत.

टीईटीबद्दल एवढंच सांगते, कारण बहुतेक मुली इथं अडकतात. पेपर १५० गुणांचा, सर्वसाधारण गटाला ६० टक्के म्हणजे ९० लागतात, राखीव गटांना सवलत आहे. एकदा पास झालं की प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालतं. पहिली भाषा मराठी घेता येते. मात्र बालमानसशास्त्राचे आणि विषयाचे प्रश्न कन्नड आणि इंग्रजीत छापलेले असतात. मराठीतून बी.ए. केलेली मुलगी पियाजे आणि व्हायगॉट्स्की या मानसशास्त्रज्ञांना चांगलं जाणते, पण ‘संज्ञानात्मक विकास’ला कन्नडमध्ये काय म्हणतात ते माहीत नसल्यानं प्रश्नच तिला उमगत नाही. यासाठी मी एक वही केलीय, डाव्या बाजूला मराठी संज्ञा, मध्ये कन्नड, उजवीकडे इंग्रजी. दर परीक्षेनंतर तिच्यात भर पडते.

रविवारी दुपारी आमच्या ओसरीवर चार-पाच जणी अभ्यासाला बसतात. ज्यांना यायचंय त्यांनी यावं, पैसे लागत नाहीत. येताना चौथी ते सातवीची कर्नाटकची कन्नड पाठ्यपुस्तकं आणा, मराठी माध्यमाची गणिताची आणि परिसर अभ्यासाचीही आणा. आधी ती मुलांसारखी पहिल्या पानापासून वाचायची, गाइड नंतर. आणि बी.एड.ला प्रवेश घेणाऱ्यांनी डिग्रीच्या तिन्ही वर्षांच्या गुणपत्रिका, जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेवावा. यादी पदवीच्या गुणांवर लागते, आणि दाखल्यासाठी ऐन वेळी तहसील कचेरीत रांगेत उभं राहण्यात दिवस जातात.